वाचकांचे प्रश्न : पीएचपी, मराठी मजकूर आणि गायब झालेला ‘त’

या महिन्यात आलेली पत्रं बहुतेक एकाच दुखण्याची आहेत, मजकूर शोधायचाय, बदलायचाय नाहीतर तपासायचाय आणि तो मजकूर मराठी आहे. पीएचपी म्हणजे वेबसाइट चालवणारी प्रोग्रामिंग भाषा, तिच्यातल्या फंक्शनची नावं आपण बोलतो तशीच देवनागरीत लिहिलीत, अंडरस्कोर कुठे लागतो ते तुम्हाला माहीतच आहे.

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या गावच्या भजनी मंडळाची साधी वेबसाइट आहे, त्यावर अभंग टाकतो. ओळीच्या शेवटचा दंड नको होता म्हणून आरट्रिम लावलं आणि दुसऱ्या पॅरामीटरमध्ये स्पेस आणि दंड दिला. बऱ्याच ओळी बरोबर आल्या पण काही ओळींत शेवटचं अक्षरच गेलंय. ‘पंढरीनाथ’ चं ‘पंढरीना’ झालं, ‘भगवंत’ चं ‘भगवं’. एरर काहीच नाही. फॉन्टचा प्रॉब्लेम असेल का? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : फॉन्टचा काही संबंध नाही, फॉन्ट बिचारा असतं तेवढंच दाखवतो. तुमच्या लक्षात आलंय का माहीत नाही पण गेलेली अक्षरं फक्त त आणि थ असणार, दुसरं एकही नाही, आणि याचं कारण अगदी स्वच्छ आहे.

आरट्रिमचा दुसरा पॅरामीटर म्हणजे ‘हा शब्द काप’ असं नसतं, ती यादी असते, आणि यादी अक्षरांची नाही तर बाइटची. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. तुमचा दंड म्हणजे ई०, ए५, ए४ हे (हेक्समध्ये लिहिलेले) तीन बाइट. म्हणजे तुम्ही आरट्रिमला सांगितलंत की शेवटाकडून येताना स्पेस, ई०, ए५, ए४ यातलं जे भेटेल ते खात ये. आता ‘त’ म्हणजे ई०, ए४, ए४ आणि ‘थ’ म्हणजे ई०, ए४, ए५, सगळेच बाइट यादीतले, त्यामुळे दंड खाल्ला, स्पेस खाल्ली, मग थ पण अख्खा खाल्ला आणि पुढे ‘ा’ चा शेवटचा बाइट यादीत नव्हता म्हणून तिथे थांबलं. ‘सतत’ या शब्दाने संपणारी एखादी ओळ असेल तर तिचा नुसता ‘स’ उरला असेल, बघा. अक्षर अख्खं जातं, अर्धवट तुटत नाही, म्हणून तो चौकटीतला प्रश्नचिन्हवाला खूण दिसत नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही. हाच कोड आरट्रिमऐवजी ट्रिम वापरून केला असता तर उलट पहिल्याच दिवशी कळलं असतं, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ई० ए४ नाहीतर ई० ए५ ने सुरू होतं, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर फुटलं असतं.

उपाय सोपा आहे. पीएचपी ८.४ असेल, म्हणजे नोव्हेंबर २०२४ ला आलेलं, तर त्यात एमबी आरट्रिम आहे, ते अक्षरं ओळखतं. जुनं व्हर्जन असेल तर प्रेग रिप्लेस, म्हणजे पॅटर्नने शोधून बदलणारं फंक्शन, वापरा, चौकोनी कंसात बॅकस्लॅश एस, एक दंड आणि दोन दंडवालं चिन्ह, पुढे अधिक, मग डॉलर, आणि सगळ्यात शेवटी यू मॉडिफायर. तो यू विसरलात तर चौकोनी कंस पुन्हा बाइटचीच यादी होते आणि परत थ गेला. ओळीच्या मधले दंड काढायचे असतील तर स्ट्र रिप्लेस बिनधास्त वापरा, ते तिन्ही बाइट एकत्र त्याच क्रमाने आले तरच बदलतं त्यामुळे त्याला कसलाही धोका नाही.

आणि आधीच खराब झालेला डेटा कोड लिहून दुरुस्त करायच्या नादी लागू नका. ‘पंढरीना’ ला थ लावायचा हे तुम्हाला कळतं, स्क्रिप्टला नाही. मूळ फाइल परत इम्पोर्ट करा.

प्रश्न : स्ट्रपॉसने बातमीच्या शीर्षकात ‘जाहिरात’ शब्द आहे का बघतो. मध्ये असेल तर सापडतो, सुरुवातीला असेल तर सापडत नाही. (नाशिक)

उत्तर : सापडतो, पण स्ट्रपॉस जागा शून्यापासून मोजतं, म्हणून शून्याव्या जागी सापडतो आणि तुमचा इफ शून्याला ‘नाही’ समजतो. दोन बरोबरची चिन्हं नकोत, फॉल्सशी तुलना करताना तीनवाली तुलना करा. आणि पीएचपी ८ वर असाल तर हा जुना खेळ सोडूनच द्या, स्ट्र कंटेन्स, स्ट्र स्टार्ट्स विथ आणि स्ट्र एंड्स विथ आहेत, सरळ हो-नाही सांगतात. एकच बघा, शोधायचा शब्द रिकामा असला तर स्ट्र कंटेन्स ‘हो’ म्हणतं, म्हणून सर्च बॉक्स रिकामा सबमिट झाला की सगळ्याच बातम्या जाहिराती ठरतात.

प्रश्न : आमच्या साप्ताहिकाची साइट वर्डप्रेसवर आहे, बरीच जुनी. शहरांची नावं बदलली त्यामुळे मालकांनी सांगितलं की सगळीकडे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर करून टाक. मी डेटाबेसवर सरळ स्ट्र रिप्लेस चालवलं. आता काही ठिकाणी ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ आलंय आणि साइडबारचे विजेट तर सगळे रिकामे झालेत. बॅकअप आहे. काय करू? (मराठवाडा)

उत्तर : बॅकअप आहे हे वाचून बरं वाटलं, पहिल्यांदा तो परत टाका आणि मग पुढचं वाचा.

डबल छत्रपती कुठून आला ते सोपं आहे. तुमच्या यादीत बहुतेक ‘संभाजीनगर’ पण असणार, कारण कितीतरी वार्ताहर नुसतं तेवढंच लिहितात. स्ट्र रिप्लेसला ॲरे (यादी) दिला की ते एकेक जोडी घेऊन अख्ख्या मजकुरावर फिरतं, पहिल्या फेरीत औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि दुसऱ्या फेरीत त्या नव्याने आलेल्या संभाजीनगरलाच परत छत्रपती लागला. अशा वेळी स्ट्रटीआर ला जोड्यांचा ॲरे द्यायचा. ते मजकुरावरून एकदाच जातं, बदललेल्या भागाकडे परत बघत नाही आणि दोन जोड्या लागू होत असतील तर लांबवाली आधी घेतं. म्हणून त्या ॲरेमध्ये एक जोडी मुद्दाम अशी ठेवा की ‘छत्रपती संभाजीनगर’ चं ‘छत्रपती संभाजीनगर’ च होईल. वेडगळ वाटतं पण तीच जोडी आधीपासून बरोबर लिहिलेल्या नावाला हात लागू देत नाही.

विजेटचं दुखणं वेगळं आहे. वर्डप्रेस विजेट, थीमची सेटिंग वगैरे सीरियलाइज करून, म्हणजे एका सलग स्ट्रिंगमध्ये बांधून, ठेवतं आणि त्यात प्रत्येक स्ट्रिंगच्या आधी तिची लांबी लिहिलेली असते, बाइटमध्ये. ‘औरंगाबाद’ म्हणजे आठ चिन्हं, २४ बाइट. ‘छत्रपती संभाजीनगर’ म्हणजे मधली स्पेस धरून ४९ बाइट. तुम्ही नाव बदललंत पण पुढचा २४ तसाच राहिला, अनसीरियलाइजने २४ बाइट मोजले, तिथे अवतरण चिन्ह सापडलं नाही आणि त्याने फॉल्स परत करून विषय संपवला. म्हणून तिथे आधी अनसीरियलाइज करायचं, आतले तुकडे बदलायचे आणि परत सीरियलाइज करायचं. हे हाताने लिहीत बसण्यापेक्षा डब्ल्यूपी-सीएलआयची, म्हणजे वर्डप्रेसच्या कमांड लाइन टूलची, सर्च-रिप्लेस कमांड वापरा, ती हे सगळं सांभाळते आणि तिला ड्राय रन आहे, म्हणजे काही न बदलता किती ठिकाणी बदल होईल तेवढं सांगते. फक्त ती एका वेळी एकच जोडी घेते, त्यामुळे छत्रपतीचा घोळ होऊ नये म्हणून आधी विजेट आणि सेटिंगमध्ये नुसतं ‘औरंगाबाद’ तेवढं बदला, लेखांच्या मजकुरासाठी वरचं स्ट्रटीआर.

नगरच्या बाबतीत जास्त जपून. ‘अहमदनगर’ बदलणं ठीक, ‘अहमदनगरला’ चं ‘अहिल्यानगरला’ आपोआप नीट होतं, प्रत्यय मागे तसाच राहतो. पण नगरची माणसं लिहिताना नुसतं ‘नगर’ लिहितात आणि ते यादीत घातलंत तर उल्हासनगरचं काय होईल ते सांगायला नको. ते हातानेच करावं लागेल. औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे, त्याच्या बातम्याही तुमच्याकडे असतीलच.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. २०२३ आणि २०२४ मध्ये नावं बदलली म्हणून १९९८ ची बातमी बदलायची हे मला पटत नाही. त्या दिवशी जे छापलं ते छापलं, त्यात पुस्तकांची नावं असतात, कुणाचं तरी वाक्य अवतरणात असतं, संस्थांची नोंदणीकृत नावं असतात. मेनू, कॅटेगरी, पत्ता, फूटर एवढं बदला आणि सर्चमध्ये सोय करा की नवं नाव टाकलं तर जुनंही शोधलं जाईल. मालकांना हे पटवणं तुमचं काम, मी फक्त छापतो.

प्रश्न : पतसंस्थेसाठी सभासद नोंदणीचा फॉर्म केलाय. दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे मोबाइल नंबरला दहा आकड्यांचा नियम लावलाय, तो पास होतो पण काही लोकांना ओटीपीच जात नाही, डेटाबेसमध्ये बघितलं तर नंबर मराठी आकड्यांत सेव्ह झालेत. दुसरी म्हणजे नावात फक्त अक्षरं चालतील असा नियम लावला तर ‘वसंत’ सुद्धा चुकीचं नाव म्हणतंय. आणि ‘ज्ञानेश्वर’ टाकलं की नाव फार मोठं आहे म्हणतंय, मर्यादा २५ ची आहे! (कोल्हापूर)

उत्तर : फॉर्म मराठीत केलात याबद्दल आधी शाबासकी, निम्मे लोक इंग्रजी फॉर्म ठेवून सभासदांनाच शिकवत बसतात.

मोबाइलचं बघू. तुम्ही पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश डी वापरलाय आणि शेवटी यू लावलाय, बरोबर ना? यू लावला की पीएचपी नुसता यूटीएफ-८ चालू करत नाही, युनिकोडचे गुणधर्मही चालू करतं, आणि मग बॅकस्लॅश डी ला ९ काय, बंगाली नऊ काय, अरबी नऊ काय, सगळेच आकडे चालतात. नियम पास झाला, एसएमएसवाल्याला मात्र तो नंबर कळेना. तर इथे बॅकस्लॅश डी नकोच, चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा. पण नुसतं तेवढं केलंत तर मराठी कीबोर्डवरून नंबर टाकणाऱ्या आजोबांना ‘नंबर चुकीचा आहे’ असा मेसेज दिसेल, आणि नंबर तर बरोबर आहे! म्हणून आधी मराठी आकड्यांचे इंग्रजी करून घ्या आणि मग तपासा.

ते करताना परत एक खड्डा आहे. स्ट्रटीआर दोन प्रकारे चालतं, जोड्यांचा ॲरे देऊन किंवा ‘यातलं पहिलं त्यातल्या पहिल्याने’ अशा दोन स्ट्रिंग देऊन. दुसरा प्रकार बाइटवर चालतो. मराठी १२३ आणि इंग्रजी एक-दोन-तीन अशा दोन स्ट्रिंग दिल्यात तर मराठी १ चे जे तीन बाइट आहेत त्यातल्या पहिल्याला इंग्रजी एक, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला तीन लागतो, म्हणजे सभासदाने मराठी १ टाकला की त्याचे इंग्रजीत एकशे तेवीस होतात. पतसंस्थेत हे रकमेच्या रकान्यात झालं तर काय होईल विचार करा. दहा जोड्यांचा ॲरेच द्या.

त्यानंतर आकडे सोडून बाकी सगळं काढा, स्पेस, डॅश, अधिकचं चिन्ह. बारा आकडे उरले आणि सुरुवात ९१ ने असेल तर ९१ काढा, अकरा उरले आणि पुढे शून्य असेल तर तो काढा. मग पहिला आकडा ६ ते ९ मधला आणि पुढे नऊ आकडे एवढंच तपासा. शेवटी डॉलरऐवजी बॅकस्लॅश आणि लहान झेड लिहा, कारण डॉलर शेवटच्या एन्टरच्या आधीही जुळतो आणि एक्सेलमधून कॉपी केलेल्या नंबरांबरोबर असा एन्टर हमखास येतो. नंबर इंटिजर करून साठवू नका, तो नंबर असला तरी संख्या नाही, त्याची बेरीज कुणी करत नाही.

नावाचं म्हणजे युनिकोडच्या हिशेबात ‘व’, ‘स’, ‘त’ ही अक्षरं पण अनुस्वार हे अक्षर नाही, ते खूण या गटात येतं, सगळ्या काना-मात्रा-वेलांट्याही तिथेच, हलंतसुद्धा. तुम्ही बॅकस्लॅश पी आणि महिरपी कंसात एल एवढंच दिलंय, त्याच्या शेजारी तसंच एम चंही द्या. त्याशिवाय स्पेस आणि पूर्णविराम, नाहीतर ‘सौ.’ आणि ‘डॉ.’ वाले परत तक्रार करतील. न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर पण चालू द्या, काही कीबोर्ड तो मध्येच घालतात आणि बिचाऱ्या माणसाला कळतही नाही की आपण काय चुकलो. खरं सांगायचं तर नावाला याहून कडक नियम लावूच नयेत. नाव खरं आहे का ते रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे हा पॅटर्न, सांगू शकत नाही, ते केवायसीचं काम.

मर्यादेचं कारण तुम्ही ओळखलं असेलच, स्ट्रलेन बाइट मोजतं. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्याला चार अक्षरं दिसतात, एमबी स्ट्रलेन दहा म्हणतं कारण हलंत, काना, मात्रा वेगळे मोजले जातात, आणि स्ट्रलेन म्हणतं ३०. तुम्ही एमबी स्ट्रलेन घ्या आणि मर्यादा शंभर करा, २५ ठेवून कुणाचं भलं होतंय?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या कॅटलॉगमध्ये सर्च आहे. ‘दऱ्या’ शोधलं तर काही पुस्तकं येतात, काही येत नाहीत, आणि न आलेल्या नोंदींत तो शब्द डोळ्याला तसाच दिसतो. ‘ॲ’ चंही तसंच. आणि कुणी सर्चमध्ये कंस टाकला की पान वॉर्निंग देतं. (ठाणे)

उत्तर : डोळ्याला सारखं आणि बाइटला वेगळं, मराठीत हे या दोनच जागी सगळ्यात जास्त छळतं. ऱ्य मधला तो आडवा र तीन पद्धतींनी टाइप होतो. एक म्हणजे ऱ चं स्वतंत्र चिन्ह आणि हलंत, दुसरी म्हणजे साध्या र खाली नुक्ता देऊन हलंत, आणि तिसरी जुनी म्हणजे र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर. तिन्ही स्क्रीनवर एकसारखे दिसतात. ‘ॲ’ चं वेगळं चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचं आणि त्यानंतरचंही बरंच टायपिंग अ वर चंद्र देऊन केलेलं आहे, काहींच्या मध्ये परत जॉइनर.

पीएचपीचं इंटल एक्स्टेंशन चालू असेल तर नॉर्मलायझर वापरा, तो नुक्तावाला र आणि स्वतंत्र ऱ एक करतो. जॉइनरवाला र आणि चंद्रवाला अ मात्र तो एक करत नाही कारण युनिकोडच्या मते त्या वेगळ्या गोष्टी आहेत, ते तुम्ही स्ट्र रिप्लेसने करायचे. आधी हे बदल करा, मग उरलेसुरले जॉइनर काढा, मग नॉर्मलायझर. हे सगळं पुस्तकाच्या मूळ नोंदीवर नको, शेजारी शोधासाठी वेगळा कॉलम करा, त्यात धुतलेला मजकूर ठेवा आणि वाचकाने टाकलेला शब्दही त्याच फंक्शनमधून धुऊन मग शोधा. एकच बाजू धुतली तर आहे त्याहून कमी सापडेल.

कंसाचं कारण म्हणजे तुम्ही वाचकाचा शब्द सरळ पॅटर्नमध्ये चिकटवताय. प्रेग कोट मधून काढा, आणि पॅटर्नच्या दोन्ही टोकांना स्लॅश असेल तर तो दुसऱ्या पॅरामीटरमध्ये सांगा, नाहीतर तारखेतला स्लॅश टाकला की परत वॉर्निंग. आणि पूर्ण शब्दच हवा म्हणून बॅकस्लॅश बी लावलात तर ‘राम’ शोधताना ‘रामा’ पण येईल, कारण म नंतरचा काना त्याच्या लेखी शब्दाचा भागच नाही. त्याऐवजी मागेपुढे बघणाऱ्या लूकबिहाइंड-लूकअहेडमध्ये ‘इथे अक्षर किंवा खूण नको’ असं लिहा.

प्रश्न : लेखातल्या डबल स्पेस काढायला प्रेग रिप्लेस लावलं, यू मॉडिफायरसकट. काही लेख सेव्ह केले की पूर्ण कोरे होतात. (पणजी)

उत्तर : त्या लेखांत कुठेतरी तुटलेलं अक्षर आहे. यू लावलेला असताना मजकूर शुद्ध यूटीएफ-८ नसेल तर प्रेग रिप्लेस काम अर्धवट करत नाही, थेट नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं, आणि तुम्ही तो नल लेख म्हणून सेव्ह केलात. अक्षर तुटतं बहुतेक वेळा सबस्ट्रमुळे, ते बाइट मोजून कापतं, लेखाचा सारांश म्हणून पहिले २०० घेतले की २०० ला तीनने भाग जात नाही आणि शेवटचं अक्षर मधूनच कापलं जातं. एमबी सबस्ट्र घ्या, तरी तो अक्षर ठेवून मात्रा कापू शकतो म्हणून शेवटच्या स्पेसपर्यंत मागे या. आलेला मजकूर एमबी चेक एन्कोडिंगने आधीच तपासा, आणि प्रेग रिप्लेसचं उत्तर नल आलं तर सेव्ह न करता प्रेग लास्ट एरर मेसेज लॉगमध्ये लिहा, ते पीएचपी ८ पासून आहे. शुद्ध मजकुरावरही नल आला तर बॅकट्रॅक लिमिट, म्हणजे पॅटर्न जुळवताना मागे येऊन पुन्हा प्रयत्न करायची मर्यादा, बघा, ते डीफॉल्ट दहा लाख असतं आणि एकात एक अधिक-तारा घातलेले पॅटर्न मोठ्या लेखावर ते सहज ओलांडतात. अशा वेळी लिमिट वाढवू नका, पॅटर्न साधा करा. डबल स्पेसला तर एक स्पेस आणि महिरपी कंसात ‘दोन किंवा जास्त’ एवढंच पुरतं.